किनाऱ्यावरचे हॉटेल आणि एक खून: 'ईव्हिल अंडर द सन'च्या निमित्ताने

१

मराठी विभागात शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना रहस्यकथेविषयी लिहायचे म्हटले की आधी थोडे खाकरावे लागते. आमच्या आधीच्या पिढीने बाबूराव अर्णाळकरांची पुस्तके क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचली, आम्ही ती मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयातून आणून वाचली, आणि एम. ए. झाल्यावर दोन्ही पिढ्यांनी त्यांच्याविषयी एकमताने मौन पाळले. 'लोकप्रिय साहित्य' असे नाव असलेल्या एखाद्या उपघटकात रहस्यकथेची सोय लावली की आपली जबाबदारी संपली, अशी आमची समजूत असते. जे आवडीने वाचले त्याची चिकित्सा करायची नाही आणि ज्याची चिकित्सा करायची ते आवडीने वाचायचे नाही, असा एक अलिखित करारच जणू आपल्याकडे झालेला आहे.

मध्यंतरी आम्ही दोघा-तिघांनी मिळून हा करार मोडून पाहिला. तौलनिक साहित्याच्या तासांना अगाथा ख्रिस्ती यांची 'ईव्हिल अंडर द सन' ही कादंबरी विद्यार्थ्यांबरोबर वाचली. शेवटच्या उलगड्याच्या अलीकडे थांबलो आणि प्रत्येकाला एका चिठ्ठीवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली. खून कुणी केला? आणि जे घडले त्याला जबाबदार कोण? पहिल्या प्रश्नाची उत्तरे अपेक्षेप्रमाणे दहा दिशांना गेली. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांनी मात्र आम्हांला हा लेख लिहायला बसवले. त्या चिठ्ठ्यांकडे शेवटी येऊ.

एक सूचना इथेच देणे भाग आहे. रहस्यकथेचा शेवट सांगू नये हा वाचकांमधला जुना शिष्टाचार आम्हांला मान्य आहे. परंतु या कादंबरीविषयी आमचे जे म्हणणे आहे ते उलगडा सांगितल्यावाचून मांडता येत नाही. शिवाय ख्रिस्तीबाईंच्या आणखी दोन-तीन कथांची रहस्येही ओघात फुटणार आहेत. ज्यांना त्या वाचायच्या असतील त्यांनी आधी वाचाव्यात आणि मग इकडे यावे.

२

ही कादंबरी लंडनच्या कॉलिन्स प्रकाशनसंस्थेने जून १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतील 'कॉलियर्स' साप्ताहिकात ती १९४० च्या अखेरीपासून क्रमशः येऊ लागली होती. कथानक थोडक्यात असे. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यालगत एक छोटे बेट आहे. त्यावर 'जॉली रॉजर' नावाचे एक महागडे हॉटेल आहे. ऑगस्ट महिना, स्वच्छ ऊन, समुद्रस्नान, टेनिस, पत्त्यांचे डाव. पाहुण्यांमध्ये बेल्जियन गुप्तहेर हर्क्युल पॉयरो आहे. आणि आर्लिना नावाची एक देखणी, पूर्वाश्रमीची नटी आपल्या नवऱ्याबरोबर आणि सोळा वर्षांच्या सावत्र मुलीबरोबर आलेली आहे. पॅट्रिक रेडफर्न नावाचा एक उमदा तरुण, स्वतःची बायको बरोबर असताना, आर्लिनाच्या मागे उघडपणे फिरतो आहे. एके दिवशी दुपारच्या सुमाराला बेटाच्या एका निर्जन कोपऱ्यात, वाळूवर, गळा दाबून मारलेल्या आर्लिनाचे प्रेत सापडते.

आता प्रकाशनाची तारीख पुन्हा एकदा पाहू. जून १९४१. त्याच्या वर्षभर आधी फ्रान्स पडला होता आणि जर्मन सैन्य कोणत्या दिवशी उतरेल याचा नेम नव्हता. इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवरील पुळणींवर काटेरी तारांची भेंडोळी पसरली होती, ठिकठिकाणी सुरुंग पेरले होते, शत्रूला धक्का म्हणून वापरता येऊ नयेत यासाठी समुद्रात शिरणारे सहलीचे पूल मधूनच तोडले होते. किनाऱ्यावरच्या अनेक हॉटेलांत सैनिक नाहीतर सरकारी कचेऱ्या राहत होत्या. कादंबरी दुकानात येण्याच्या दोन-तीन महिने आधी, मार्च आणि एप्रिल १९४१ मध्ये, त्याच डेव्हनमधले प्लिमथ शहर बॉम्बहल्ल्यांत होरपळून निघाले होते.

कादंबरीत यातले काही नाही. युद्धाचे नावदेखील नाही. ज्या समुद्रात पाय बुडवण्याची वाचकाला बंदी होती, त्याच समुद्राकाठी ख्रिस्तीबाई त्याला हात धरून नेतात आणि सांगतात, बस, ऊन खा. हा पलायनवाद झाला, असे आमच्या परिभाषेत चटकन म्हणता येईल. परंतु बाईंना युद्ध दिसत नव्हते असे नाही. त्या लंडनच्या एका रुग्णालयाच्या औषधशाळेत काम करीत होत्या. आणि १९४१ मध्येच त्यांची 'एन ऑर एम?' ही दुसरी कादंबरी आली, तीही समुद्रकाठच्या एका खाणावळवजा निवासातच घडते, आणि तिथे पाहुण्यांच्या वेषात शत्रूचे हेर दडलेले आहेत. एकाच वर्षी, एकाच तऱ्हेच्या जागेत, एक कथा युद्धाची आणि एक युद्ध नसलेली. दोन्हींचा गाभा मात्र एकच: शेजारच्या खुर्चीत बसलेला, रोज सकाळी हसून नमस्कार करणारा हा माणूस खरोखर कोण आहे? युद्धकाळात प्रत्येक इंग्रज नागरिकाच्या मनात असलेली ही शंका बाईंनी एकदा उघड आणि एकदा सुट्टीच्या कपड्यांत वावरू दिली. तेव्हा वाचकाला या पुस्तकाने केवळ हरवलेला उन्हाळा परत दिला, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उन्हाळ्याबरोबर शंकाही दिली.

३

या शंकेला समुद्रकाठ इतका का मानवतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

समुद्र ही विश्रांतीची जागा आहे, ही कल्पना इंग्लंडातदेखील फार जुनी नाही. कोळ्यांनी, खलाश्यांनी आणि चोरट्या व्यापाऱ्यांनीच तिथे राहावे, असे अठराव्या शतकापर्यंत मानले जाई. त्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या एका वैद्याने समुद्राचे पाणी अंगावर घेणे आणि पिणेही रोगनिवारक असल्याचे लिहिले, आणि ब्रायटनचे मच्छीमार गाव श्रीमंत रोग्यांनी भरू लागले. म्हणजे समुद्राकडे माणसे प्रथम गेली ती औषध म्हणून. १८४१ मध्ये ब्रायटनला आगगाडी पोहोचली. मग रोग्यांच्या मागोमाग निरोगी माणसेही येऊ लागली. १८६४ मध्ये ब्रायटनचे आणि १८६७ मध्ये स्कारबरोचे 'ग्रँड' हॉटेल उभे राहिले. १८७१ च्या कायद्याने बँकांना ठरावीक सुट्ट्या मिळाल्या आणि कारकून-कामगारांचीही एक दिवसाची सहल निघू लागली. १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला, तोवर समुद्रकिनारा हा सगळ्या राष्ट्राचाच उन्हाळी ओटा झाला होता.

पाण्यानंतर उन्हाची पाळी आली. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार शोधणाऱ्या नील्स फिन्सेनला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये क्षयरोग्यांना उन्हात झोपवण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या महायुद्धानंतर हे औषधही चैनीचे झाले. पूर्वी रापलेली कातडी ही शेतमजुराची खूण होती. आता कामगार गिरणीत आणि कचेरीत फिकुटला होता, तेव्हा रापलेली कातडी ही फुरसतीची, म्हणजेच पैशाची खूण झाली. गोरेपणाचे वेड पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आमच्यासारख्या वाचकांना ही उलटापालट मौजेची वाटते. ती लक्षात मात्र ठेवावी. पुढे तिच्यावाचून खुनाचा उलगडा होत नाही.

ख्रिस्तीबाईंच्या आयुष्यात ही सारी स्थित्यंतरे एकामागून एक घडून गेली. त्या १८९० मध्ये डेव्हनमधल्याच टॉर्की या समुद्रकाठच्या गावी जन्मल्या. त्यांच्या लहानपणी स्त्रियांची स्नानाची खाडी वेगळी होती. चाकांच्या लाकडी खोपटात कपडे बदलायचे, खोपटे पाण्यात ढकलायचे आणि पुरुषांच्या नजरेआड समुद्रात उतरायचे. त्यांच्या वाढत्या वयातच स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्नानाला मुभा मिळाली. पुढे १९२२ मध्ये जगप्रवासाला निघाल्या असताना त्यांनी दक्षिण आफ्रिकेत आणि हवाई बेटांवर फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याची कला शिकून घेतली. अंग झाकून पाण्यात उतरणारी मुलगी ते लाटांवर उभी राहणारी स्त्री हा प्रवास त्यांनी स्वतःच्या देहाने केला होता. म्हणूनच समुद्रकाठचे देह त्यांनी इतक्या बारकाईने पाहिले.

'ईव्हिल अंडर द सन'चे पहिले पानही खुनाने उघडत नाही, इतिहासाने उघडते. १७८२ मध्ये एका कप्तानाने त्या बेटावर घर बांधले तेव्हा लोकांनी त्याला विक्षिप्त ठरवले. १९२२ च्या सुमारास समुद्रकाठच्या सुट्टीचा पंथ पक्का रुजला आणि त्याच घराचे हॉटेल झाले, असे बाई सांगतात. दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास एका परिच्छेदात, आणि तोही किंचित हसत. या काल्पनिक बेटाला एक खरा नमुना आहे, असे मानले जाते. डेव्हनच्या बिगबरी गावासमोर बर्ग बेट आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येते, भरतीला ते तुटते. मग उंच पायांच्या एका सागरी ट्रॅक्टरवर बसून पलीकडे जावे लागते. आर्चिबाल्ड नेटलफोल्ड या धनिक चित्रपटनिर्मात्याने १९२९ मध्ये तिथे पांढरेशुभ्र, तेव्हाच्या आधुनिक शैलीतले हॉटेल बांधले. दिवसातून दोनदा जग जवळ येते आणि दोनदा दूर जाते, अशी ही जागा. रहस्यकथाकाराला याहून काय हवे?

४

इंग्रजी अभिजात रहस्यकथेचे घर म्हटले की आपल्याला खेड्यातला जमीनदारी वाडा आठवतो: ग्रंथालय, बटलर, मृत्युपत्र, बाहेर बर्फ. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ मध्ये रहस्यकथेवर एक निबंध लिहिला. खून होण्यापूर्वीचे ते बंदिस्त, निरागस जग, खुनाने झालेला त्याचा भंग आणि गुन्हेगार सापडल्यावर परत मिळालेली निरागसता, अशी त्याने या कथेची रचना सांगितली. वाड्याच्या कथेला हे सूत्र उत्तम लागू पडते. वाड्यात सगळे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. कुणाचे कुणाशी काय नाते आणि कुणाला किती वारसा, हे ठरलेले असते. रहस्य असते ते भूतकाळात.

किनाऱ्यावरच्या हॉटेलात भूतकाळच नसतो. नोंदवहीत जे नाव लिहाल ते तुमचे नाव. तुम्ही विवाहित आहात असे म्हणालात तर विवाहित, आजारी म्हणालात तर आजारी. सोबत नोकरचाकर, शेजारी, आप्त कुणी नाही. आणि जे कपडे पाहून इंग्रज माणूस समोरच्याचा वर्ग, पेशा, उत्पन्न क्षणात ताडतो, ते कपडेदेखील पुळणीवर उतरवून ठेवलेले. कादंबरीच्या आरंभीच पाहुण्यांच्या गप्पांत ही जागा खुनाची वाटत नाही असे कुणीतरी म्हणते. त्यावर पॉयरोचे उत्तर मासलेवाईक आहे. दुसऱ्या कुठल्याही गावी तुमच्या शत्रूच्या आसपास तुम्ही आढळलात तर तिथे का आलात हे सांगावे लागेल. समुद्रकाठी ऑगस्टमध्ये कुणालाच कारण विचारत नाहीत. सुट्टी हीच सबब आहे.

हॉटेलची नोंदवही काय लपवू शकते हे बाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. डिसेंबर १९२६ मध्ये, आई वारल्यानंतर आणि नवऱ्याने दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितल्यानंतर, त्या अकरा दिवस बेपत्ता झाल्या होत्या. सारा देश शोधत असताना त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात राहत होत्या. नोंदवहीत आडनाव लिहिले होते नवऱ्याच्या त्या प्रेयसीचे. या प्रकरणाविषयी त्या पुढे फारशा बोलल्या नाहीत आणि आम्हीही त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात पडत नाही. एवढेच नोंदवतो की प्रेमाच्या त्रिकोणात फसवल्या गेलेल्या बायकोची भूमिका काय असते, आणि अनोळखी माणसांच्या भोजनगृहात दुसऱ्या नावाने बसणे काय असते, या दोन्ही गोष्टी या लेखिकेला आतून माहीत होत्या. ही कादंबरी नेमकी या दोन गोष्टींवर उभी आहे.

५

पॉयरो पुळणीवर बसलेला आहे. सूट-बूट, डोक्यावर टोपी, कुणाच्या नजरेत भरावा असा. त्याच्यापुढे उन्हात आडवे पडलेले देह आहेत. त्याला ते आवडत नाहीत. हे स्त्री-पुरुष नाहीत, नुसती शरीरे आहेत, एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही, असे त्याचे म्हणणे. आणि तो त्यांची तुलना शवागारात मांडलेल्या प्रेतांशी करतो. वाचक हसतो. म्हातारा जुन्या वळणाचा आहे, त्याला नवे जग रुचत नाही, असे म्हणून पुढे जातो. आणि तिथेच फसतो, कारण संपूर्ण रहस्याची किल्ली बाईंनी त्या शेऱ्यात ठेवून दिलेली आहे.

खून पुढीलप्रमाणे घडतो. पॅट्रिक आणि पाहुण्यांपैकी एमिली ब्रूस्टर होडीने बेटाला वळसा घालतात. एका कोपऱ्यात वाळूवर एक रापलेला स्त्रीदेह पालथा पडलेला दिसतो; चेहऱ्यावर आर्लिनाची ती सर्वांच्या ओळखीची मोठी हिरवी टोपी. पॅट्रिक जवळ जातो, हात लावतो, ती मेली आहे असे सांगतो. एमिली मदत आणायला होडी घेऊन जाते. परंतु तो देह आर्लिनाचा नाही आणि प्रेतही नाही. ती पॅट्रिकची बायको क्रिस्टीन आहे. एमिली नजरेआड होताच ती उठून पळते. पॅट्रिकच्या सांगण्यावरून गुहेत लपून बसलेली आर्लिना बाहेर येते, आणि पॅट्रिक तिचा गळा दाबतो. जिच्या मृत्यूला साक्षीदार आहे, ती साक्षीच्या वेळी जिवंत होती.

क्रिस्टीन गोरीपान आहे. ऊन तिला सोसत नाही, अंगावर फोड येतात, म्हणून ती लांब बाह्यांचे कपडे घालून सावलीत बसते. उंच शिड्यांवर तिला घेरी येते. ही माहिती आपल्याला तिच्याचकडून मिळते आणि तिची निस्तेज कातडी पाहून आपण ती खरी मानतो. रापलेला रंग बाटलीत मिळतो, हे आपल्याला सुचत नाही. सकाळी कुणीतरी खिडकीतून बाटली भिरकावली, ती कुणाच्या तरी डोक्यात बसता बसता राहिली. दुपारी बाराच्या सुमाराला कुणीतरी स्नान केले, पण ते मी केले असे एकही पाहुणा कबूल करत नाही. सोळा वर्षांच्या लिंडाचे मनगटी घड्याळ कुणीतरी पुढे आणि मागे केले. क्षुल्लक वाटणाऱ्या या बाबी पॉयरो चित्रकोड्याच्या तुकड्यांसारख्या जुळवतो. न्यायाने खेळायचे, सर्व दुवे वाचकासमोर ठेवायचे, हा त्या काळच्या रहस्यकथाकारांचा दंडक होता. रोनल्ड नॉक्स या लेखकाने १९२९ मध्ये त्याची दहा कलमेच तयार केली होती. 'ईव्हिल अंडर द सन' त्या कसोटीला पुरेपूर उतरते. वाचक हरतो तो माहिती लपवल्यामुळे हरत नाही. दिसत असलेले तो पाहत नाही, म्हणून हरतो.

आम्हांला या कादंबरीचे आकर्षण जिथे गवसते ती जागा ही आहे. पुळणीवर प्रत्येक जण प्रत्येकाला पूर्णपणे दिसतो. झाकलेले काही नाही, अंधार नाही, धुके नाही. माथ्यावर ऊन आहे. आणि तरीही कुणी कुणाला ओळखत नाही. ओळखतात ती टोपी आणि कातडीचा रंग. वाड्यातल्या रहस्यकथेत सत्य कुलपाआड असते. इथे ते उघड्यावर पालथे पडलेले असते.

६

परंतु देह ओळखण्यातली चूक ही दुय्यम चूक आहे. तिच्याआधी एक मोठी चूक होते, आणि ती पाहुण्यांबरोबर वाचकही करतो.

आर्लिना पुळणीवर येते तेव्हा सगळे पुरुष तिच्याकडे पाहतात आणि सगळ्या स्त्रिया त्या पुरुषांकडे. तिच्याविषयी आपण जे ऐकतो ते इतरांच्या तोंडून: ती पुरुषांना नादी लावते, संसार उद्‌ध्वस्त करते, ती दुष्ट आहे. धर्मोपदेशक स्टीफन लेनला तर तिच्यात साक्षात पाप दिसते. कादंबरीचे नाव बायबलमधील 'उपदेशक' या पुस्तकातल्या शब्दांवरून आले आहे. सूर्याखाली वसणारे ते 'ईव्हिल' म्हणजे ही बाई, असे सर्वांनी, वाचकानेही, गृहीत धरलेले असते. पॅट्रिक तिच्या जाळ्यात सापडला आहे आणि क्रिस्टीन बिचारी मुकाट सोसते आहे. चित्र पूर्ण आहे. एखाद्या जुन्या मराठी सामाजिक नाटकात शोभावे इतके ओळखीचे आहे.

पॉयरो हे चित्र उलटे टांगतो. आर्लिना पुरुषांना मोहवत नव्हती. पुरुषांनी केलेल्या स्तुतीवाचून तिला जगता येत नव्हते, म्हणून कोणताही पुरुष तिला फसवू शकत होता, आणि आजवर प्रत्येक पुरुष तिला सोडून गेला होता. ती शिकारी नव्हती, शिकार होती. एका वृद्ध चाहत्याने ठेवलेला तिचा पैसा पॅट्रिकने गोड बोलून काढून घेतला, आणि तो उघडकीला येण्याआधी तिला संपवले. ते 'बिचारे' रेडफर्न जोडपे सराईत आहे. यापूर्वीही एक स्त्री त्यांच्या योजनेला बळी पडलेली आहे. त्यांच्या योजनेतला सर्वांत भक्कम दुवा ना ते घड्याळ होता ना ती बाटली. अशा बाईविषयी लोक काय समजतील याचा त्यांचा अंदाज अचूक होता. सभ्य समाजाचे मत हाच खुन्यांचा सहकारी होता, आणि त्याला मोबदला द्यावा लागत नव्हता.

हा योगायोग नव्हे, हे बाईंच्या इतर कथांवरून दिसते. 'ट्रँगल ॲट ऱ्होड्स' या १९३६ च्या कथेत असेच समुद्रकाठचे हॉटेल आहे, अशीच सुंदर आणि बदनाम स्त्री, अशीच दुसरीकडे सोशिक पत्नी. आणि तिथेही सोशिक पत्नीच खुनात सामील आहे. 'डेथ ऑन द नाईल' (१९३७) मध्येही ज्यांच्यात वैर दिसते त्या दोघांचेच गुप्त संगनमत आहे. 'द बॉडी इन द लायब्ररी' (१९४२) मध्ये तर एका शाळकरी मुलीच्या देहाला रंगरंगोटी करून तो समुद्रकाठच्या हॉटेलातल्या नर्तकीचा म्हणून खपवला जातो, आणि सगळे फसतात. कारण केस रंगवलेली, भडक कपड्यांतली मुलगी म्हटले की तिचा चेहरा कुणी नीट पाहत नाही. चार वेगळी कोडी, परंतु निरीक्षण एकच. ज्या स्त्रीविषयी आपले मत तयार असते, तिच्याकडे पाहण्याचे आपण थांबवतो.

आणि या निरीक्षणाची किंमत कादंबरीत एक मूल मोजते. लिंडाला सावत्र आईचा तिटकारा आहे. अवघडलेल्या वयातली, स्वतःच्या हातापायांची लाज वाटणारी ही मुलगी जादूटोण्याचे पुस्तक वाचून मेणाची बाहुली करते आणि टाचण्या टोचते. दुसऱ्याच क्षणी जणू सावत्र आई खरोखर मरते. मीच तिला मारले, या समजुतीने ती झोपेच्या गोळ्या घेते, दैवयोगाने वाचते. कोड्याच्या दृष्टीने हा भाग काढून टाकला तरी चालले असते. पण मग ती निव्वळ कोडीच राहिली असती. त्या हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येकाने आर्लिनाचे वाईट चिंतले होते. त्याची शरम वाटली ती फक्त या मुलीला.

७

रहस्यकथेवरचे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. रेमंड चँडलरने १९४४ मध्ये इंग्रजी पद्धतीच्या रहस्यकथेची कृत्रिमता दाखवून दिली. माणसे सोंगट्यांसारखी वागतात, असे त्याचे म्हणणे. एडमंड विल्सनने १९४५ मध्ये तर ख्रिस्तीबाईंच्याच एका गाजलेल्या कादंबरीचे नाव घेऊन, तो खून कुणी केला याची पर्वा कुणाला, असा सवाल मथळ्यातच टाकला. घड्याळे, होड्या, शिड्या यांचा इतका काटेकोर मेळ प्रत्यक्षात बसणे अवघड, हे आम्हीही मान्य करतो. आणखीही काही मान्य करायला हवे. त्या हॉटेलात राबणाऱ्या माणसांना कादंबरीत अंतरंग नाही. हिंदुस्थान या कादंबरीत येतो तो सैन्यातून निवृत्त झालेल्या मेजर बॅरीच्या न संपणाऱ्या, सर्वांना पळवून लावणाऱ्या आठवणींच्या रूपाने. बाईंनी त्याची थट्टा केली आहे; परंतु ज्या साम्राज्याच्या पैशावर त्या गच्च्या आणि ती टेनिसची मैदाने उभी होती, त्याच्याविषयी त्या याहून अधिक बोलत नाहीत.

शेवटही निर्मळ नाही. रोझमंड डार्नली ही स्वतःच्या हिमतीवर कपड्यांचा व्यवसाय उभारलेली, कादंबरीतली सर्वांत स्वतंत्र स्त्री. आर्लिनाच्या विधुर नवऱ्याशी तिचे जुळते, पण त्याची अट असते, व्यवसाय सोडायचा आणि त्याच्याबरोबर खेड्यात राहायचे. ती आनंदाने होकार देते. एका स्त्रीविषयीचा पूर्वग्रह इतक्या तीक्ष्णपणे उघडा पाडणारी लेखिका दुसऱ्या स्त्रीला सहज घरी पाठवून देते. ऑडेनचे ते निरागस जग परत मिळते खरे, पण कुणाच्या खर्चाने, हे विचारायला हवे. ॲलिसन लाइट यांनी १९९१ च्या 'फॉरएव्हर इंग्लंड' या ग्रंथात ख्रिस्तीबाईंच्या लेखनात आधुनिकता आणि सनातनीपणा एकत्र नांदताना दाखवला आहे. त्याचा याहून चोख दाखला शोधूनही सापडणार नाही.

पुढे या कादंबरीचे नशीब तिच्या विषयाला साजेसेच निघाले. १९८२ मध्ये गाय हॅमिल्टनने तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा डेव्हनचे बेट उचलून भूमध्य समुद्राच्या निळ्याशार पाण्यात नेऊन ठेवले. चित्रण मायोर्का बेटावर झाले. पीटर उस्टिनॉव्हचा पॉयरो, झगमगते कपडे, खुसखुशीत टोमणे. लिंडाची ती बाहुली आणि गोळ्या तिथे मागे पडल्या. डेव्हिड सुशेच्या दूरदर्शन मालिकेने मात्र कथा बर्ग बेटावरच्या त्या पांढऱ्या हॉटेलात परत नेली, आणि आज ते हॉटेल ख्रिस्तीबाईंच्या नावाने पाहुण्यांना बोलावते. पलायनाचे साधन म्हणून कादंबरी वापरायची असेल तर ती त्याला नाही म्हणत नाही.

आता त्या चिठ्ठ्या. जे घडले त्याला जबाबदार कोण, या प्रश्नाला बहुतेकांनी लिहिले होते: आर्लिना स्वतः. काहींनी तिच्या वागण्याचा परिणाम असे सौम्य शब्द वापरले होते, काहींनी ते कष्टही घेतले नव्हते. मुलींच्या चिठ्ठ्या आणि मुलांच्या चिठ्ठ्या यांत या बाबतीत फरक नव्हता. एका चिठ्ठीवर फक्त एवढेच होते की आर्लिना स्वतःविषयी कधी बोलतच नाही, मग आपल्याला ती कशी कळली? ती चिठ्ठी लिहिणारी मुलगी एरवी वर्गात मागच्या बाकावर बसते आणि तोंड उघडत नाही.

शेवटचे प्रकरण वाचून झाल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, तुम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा तुम्हांला कोण जबाबदार वाटले होते? खरे उत्तर देणे भाग होते. आम्हीही तेच लिहिले असते. आम्ही तिघेही ही कादंबरी विशीच्या आत वाचली, साहित्यशास्त्र आणि स्त्रीवादी समीक्षा नंतर शिकलो, आणि त्या शिक्षणाच्या बळावर अनेकांच्या लेखनातले पूर्वग्रह दाखवून दिले. स्वतःचा पूर्वग्रह मात्र आम्हांला प्रथम दाखवला तो एका रहस्यकथेने, आणि तेव्हा आम्ही ते लक्षात घेतले नाही. रहस्य छान होते, म्हणालो आणि पुस्तक परत केले.